जुनी फ्लाइंग जॅकेट आणि त्यांचे मूळ मालक: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइंग जॅकेट म्हणजे यात नक्की कुठली कुठली धरायची?

लष्करानं वैमानिकांना आणि विमानातल्या बाकी क्रूला वापरायला दिलेली, एवढं साधं धरा. अमेरिकन घेतली तर सगळ्यात आधी नाव येतं ते ए-टूचं, १९३१ साली आर्मी एअर कोअरनं मंजूर केलेलं, बहुतेक घोड्याच्या कातड्याचं, थोडी बकरीच्या आणि गाईबैलाच्या कातड्याचीही होती. मग नेव्हीची एम-४२२ए आणि त्याच घराण्यातली जी-वन, लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचं जाडजूड बी-थ्री, १९४३ नंतरची कापडी बी-टेन आणि बी-फिफ्टीन, आणि युद्धानंतरची नायलॉनची एमए-वन, एल-टूबी वगैरे. ब्रिटिशांकडं मेंढीच्या कातड्याचं इर्विन. जर्मन जॅकेटंही गोळा करणारे आहेत पण तिथं बरेच वैमानिक स्वतःच्या पैशानं बाजारातनं जॅकेट घ्यायचे, त्यामुळं सरकारी लेबल नाही, नंबर नाही, आणि मालक शोधायचा म्हटलं की हात रिकामे. नवीन माणसानं तिकडं जाऊच नये असं माझं मत.

सगळे ए-टूच्याच मागे का लागतात?

कारण त्यावर नाव असतं. छातीवर डाव्या बाजूला लेदरची पट्टी, त्यावर दाबून छापलेलं नाव, खाली स्क्वाड्रनचा पॅच, खांद्यावर रँक, कधी पाठीवर रंगवलेलं विमानाचं नाव आणि बाई आणि बॉम्बच्या रांगा. दुसरं कुठलंच लष्करी कापड मालकाबद्दल इतकं उघड बोलत नाही. शिवाय १९४३ मध्ये आर्मीच्या हवाई दलाचा प्रमुख जनरल हॅप अरनॉल्डनं लेदरच्या ए-टूच्या पुढच्या ऑर्डरी थांबवल्या आणि कापडी जॅकेटं आली, त्यामुळं युद्धातला जो साठा आहे तेवढाच आहे. (१९८८ मध्ये अमेरिकन एअर फोर्सनं ए-टू परत सुरू केलं, ते बकरीच्या कातड्याचं, आणि ते युद्धातलं म्हणून खपवायचे प्रकार होतातच.)

आता हे आधीच डोक्यात घालून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे: कोऱ्या ए-टूची किंमत एक, आणि नाव असलेल्या, त्यातही बॉम्बर क्रूच्या रंगवलेल्या ए-टूची किंमत त्याच्या कित्येक पट. म्हणजे पैसे लेदरचे नाहीत, नावाचे जातात. मग तपासायचं पण नावच, आणि ते सगळ्यात आधी.

लेबल कसं वाचायचं?

कॉलरच्या खाली मागच्या बाजूला विणलेलं लेबल असतं. त्यावर टाइप ए-टू, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५, ऑर्डर किंवा कॉन्ट्रॅक्ट नंबर, कंपनीचं नाव, आणि हे जॅकेट यू.एस. आर्मी एअर फोर्सची मालमत्ता आहे अशा अर्थाची ओळ. ऑर्डर नंबर ४२ नं सुरू होत असेल, उदाहरणार्थ ४२-१४०१-पी हा रफ वेअर कंपनीचा, तर तो १९४२ च्या आर्थिक वर्षातला. आणि तेव्हा अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं, म्हणजे हे वर्ष खरं तर जुलै १९४१ पासूनचं. त्याआधीच्या काही लेबलांवर डब्ल्यू५३५-एसीनं सुरू होणारा नंबर दिसतो.

एअरो लेदर, रफ वेअर, पेरी स्पोर्ट्सवेअर, डुबो, केबल रेनकोट, मोनार्क, वर्बर, पकीप्सी, ब्रॉन्को, अशी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाचा कट वेगळा. हे का महत्त्वाचं ते खाली फोटोच्या प्रश्नात येईल.

लेबलच नाहीये. मग संपलं का?

अजिबात नाही. कॉलरची टोकं कशी आहेत, खिशाच्या फडक्याचा आकार, खांद्याच्या पट्ट्यांची शिलाई, खिसे चेनपासून किती लांब, कॉलरखाली वेगळी पट्टी जोडलीय का नाही, यावरनं जाणकार लोक कंपनी सांगतात आणि बहुतेक बरोबर सांगतात. चेन मूळची असेल तर टॅलन, क्राउन, कॉनमार यातलं नाव बघा, पण चेन हा सगळ्यात आधी बदलला जाणारा भाग आहे त्यामुळं एकट्या चेनवर निकाल देऊ नका. उलट, लेबल आहे म्हणजे ओरिजिनल असंही समजू नका, विणलेली लेबलं सुटी विकत मिळतात.

ओरिजिनल का रिप्रो, घरी कसं ओळखायचं?

आधी एक सांगतो, रिप्रो म्हणजे जुन्याची हुबेहूब नवी नक्कल, आणि चांगल्या रिप्रो बनवणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही. ईस्टमन, रिअल मकॉइज, बझ रिक्सन्स असे लोक जुन्या जॅकेटचे टाके मोजून काम करतात आणि आम्ही रिप्रो विकतो असं सरळ सांगतात. गडबड पुढं होते, तिसऱ्या चौथ्या हातात, कुणीतरी वीस वर्षं घालून मऊ केलेलं रिप्रो 'आजोबांचं' म्हणून येतं. त्यात स्कॉटलंडमधल्या आजच्या एका कंपनीचं नाव पण एअरो लेदर क्लोदिंगच आहे, त्यामुळं ते नाव लेबलावर वाचून एकदम उड्या मारू नका.

घरी काय करता येईल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा. पॉलिस्टर दोरा आणि युद्धानंतर सगळीकडं आलेले कपडे उजळवणारे केमिकल निळसर पांढरे चमकतात. युद्धातला सुती दोरा साधारण मंद राहतो. पण जुना दोरा नंतर कधीतरी आधुनिक डिटर्जंटमध्ये भिजला असेल तर तोही चमकतो, म्हणून चमकला म्हणजे खोटा असं नाही, चमकला म्हणजे थांबा आणि का चमकला ते शोधा. मग झीज बघा. खरी झीज बाहीच्या टोकाला, कॉलरच्या घडीवर, खिशाच्या कडेला, कोपरात असते, सॅंडपेपरची झीज सगळीकडं सारखी असते. गळ्याचा हुक, आतली लोंबकळवायची पट्टी, टिचबटणांच्या मागचा गंज हेही बघा. आणि युद्धातल्या ए-टूला बाजूनं हात घालायचे खिसे नसतात! विकणारा काहीही सांगू दे. (क्वचित एखाद्यानं नंतर शिंप्याकडनं करून घेतलेले असतात, पण मग ते तसे दिसतात.)

जॅकेट ओरिजिनल, पण त्यावरचं नाव आणि चित्र नंतरचं, असं होतं का?

हेच सगळ्यात जास्त होतं. कोरं ओरिजिनल घ्यायचं, त्यावर एक ओरिजिनल सुटा पॅच शिवायचा, नावाची पट्टी बनवायची, पाठ रंगवायची, आणि किंमत वर. जॅकेट आणि पॅच जुनेच असल्यामुळं यूव्ही टॉर्चला पण फारसं काही सापडत नाही.

बघायचं काय तर पॅचच्या कडेनं टाक्यांची जुनी भोकं. पॅच तिथं ऐंशी वर्षं असेल तर त्याच्या कडेबाहेरचं लेदर उन्हानं, हातानं वेगळ्या रंगाचं झालेलं असतं आणि जिथं कड किंचित उचकटलीय तिथं खालचं लेदर गडद, नवंकोरं दिसतं. पॅचखाली झिजलेलं, सुरकुतलेलं लेदर दिसलं तर पॅच नंतर लावलाय हे नक्की, पण 'नंतर' म्हणजे १९४४ मध्ये पण असू शकतं, कारण पोरं एका स्क्वाड्रनमधनं दुसऱ्यात जायची, जॅकेट दुसऱ्याला द्यायची, जुनी नावाची पट्टी उसवून नवी लावायची. दोन मालकांच्या भोकांचे दोन सेट असलेली जॅकेटं खरी असतात, कधीकधी त्याच जास्त खरी वाटतात.

रंगाचं असं आहे की लेदर जिथं दुमडतं तिथं जुना रंग पण त्याच रेषेत तडकतो, पोपडे निघतात. नंतर लावलेला रंग आधीच पडलेल्या भेगांच्या आत उतरलेला दिसतो. भिंगातनं बघा. भेगेच्या तळाशी रंग म्हणजे भेग आधी आणि रंग मागनं.

पाठीवर बॉम्ब मोजले, ५० आहेत. भारीच ना?

थांबा जरा. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. इंग्लंडमधल्या आठव्या एअर फोर्सच्या बॉम्बर क्रूचा टूर, म्हणजे सुटका व्हायच्या आधी पुऱ्या करायच्या मोहिमांचा कोटा, आधी २५ मोहिमांचा होता, १९४४ मध्ये तो ३० आणि मग ३५ झाला. इटलीतल्या पंधराव्या एअर फोर्सचा हिशोब ५० चा, कारण अवघड मोहिमा तिथं डबल मोजायचे. म्हणजे डाव्या खांद्यावर आठव्याचा पॅच आणि पाठीवर ५० बॉम्ब हे जुळायला माणसानं दुसरा टूर केलेला पाहिजे, आणि तसा केला असेल तर ते कागदावर कुठंतरी सापडणारच. तसं काही लोकांनी केलंय, नाही असं नाही, पण पुरावा मागा. फायटर किंवा मीडियम बॉम्बरचा हिशोब परत वेगळा.

बॉम्बच्या रांगेत मधेच एखादं बदक काढलेलं असेल तर हसू नका, शत्रूला चुकवायला काढलेल्या फसव्या मोहिमेची ती खूण. तसंच हिमालयावरनं चीनला सामान नेणाऱ्या, म्हणजे 'हंप'च्या फेऱ्यांसाठी विमानांवर उंट काढायचे. असल्या बारीक गोष्टी नकली रंगवणाऱ्याला सहसा सुचत नाहीत, तो आपला मोठी बाई काढून मोकळा होतो.

मूळ मालक शोधायला सुरुवात कुठनं करायची?

जॅकेटपासनंच, आणि काहीही पुसायच्या, साफ करायच्या आधी. दिवसाच्या उजेडात, मग तिरक्या टॉर्चमध्ये, मग यूव्हीमध्ये आतबाहेर सगळ्याचे फोटो काढा. अस्तर, लेबलच्या भोवतीची जागा, लेबलची मागची बाजू दिसत असेल तर ती, लोंबकळवायच्या पट्टीखाली, खिशांच्या आत, कॉलरच्या खाली. शाई फिकट झाली तरी यूव्हीत किंवा फोटोचा काँट्रास्ट वाढवल्यावर वर येते.

यात सोनं म्हणजे लॉन्ड्री नंबर. अमेरिकन आर्मीत कपड्यांवर आडनावाचं पहिलं अक्षर आणि सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार आकडे छापायची पद्धत होती. समजा अस्तरावर एम-४८२१ दिसतंय आणि छातीवर मिलर लिहिलंय (उदाहरण बनवलेलं आहे, कोणी खरा मिलर शोधायला जाऊ नका), तर मिलर आडनावाच्या, नंबर ४८२१ नं संपणाऱ्या माणसांपुरता शोध येऊन थांबतो. हजारोंवरनं एकदम चार पाचांवर. आणि छातीवर मिलर, आत टी-४८२१, तर मग विकणाऱ्याला विचारा की हा टी कोण.

पूर्ण सर्व्हिस नंबर मिळाला तर तो स्वतःच बोलतो. ओ नं सुरू होणारा ऑफिसरचा, टी फ्लाइट ऑफिसरचा. आठ आकडी असेल तर साधा शिपाई किंवा सार्जंट: पहिला आकडा १ म्हणजे स्वतःहून भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्डमधनं, ३ म्हणजे ड्राफ्टमध्ये, म्हणजे सक्तीच्या भरतीत ओढलेला, आणि दुसरा आकडा देशाच्या कुठल्या भागातनं आला ते सांगतो. ३६ म्हणजे ड्राफ्ट झालेला आणि इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन त्या बाजूचा. १२ म्हणजे न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडचा व्हॉलंटिअर.

नाव आणि नंबर मिळाला, आता कुठं बघू?

अमेरिकन नॅशनल अर्काइव्ह्जच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये १९३८ ते १९४६ च्या आर्मी भरतीच्या साधारण ९० लाख नोंदी आहेत, फुकट. जन्मसाल, राज्य, काउंटी, शिक्षण, आधीचा धंदा एवढं कळतं. ऑफिसर यात धड सापडत नाहीत पण बरेचसे पायलट आणि नॅव्हिगेटर आधी एव्हिएशन कॅडेट म्हणून साध्या नंबरनं भरती झालेले असतात, त्यामुळं ओ नंबर सापडला नाही तर नाव आणि गावानं शोधा. स्कॅन करताना घोळ झालेल्या नोंदी पण आहेत, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं करून बघा.

माणूस पाडला गेला असेल किंवा बेपत्ता झाला असेल तर मिसिंग एअर क्रू रिपोर्ट बघा. ही पद्धत १९४३ मध्ये सुरू झाली, आणि एकेका रिपोर्टमध्ये पूर्ण क्रू, त्यांचे सर्व्हिस नंबर, विमानाचा नंबर, इंजिनांचे आणि मशीनगनचे नंबरसुद्धा असतात, शेवटचं कोणी कुठं पाहिलं त्याचे जबाब असतात. वाचताना घशात येतं हे सांगून ठेवतो.

युनिटचा इतिहास अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या एअर फोर्स हिस्टॉरिकल रिसर्च एजन्सीकडं. आठव्या एअर फोर्ससाठी अमेरिकन एअर म्युझियम इन ब्रिटनचा ऑनलाइन संग्रह तर घरबसल्या मिळालेला खजिना आहे, माणूस, विमान, तळ सगळं एकमेकांना जोडलेलं. बऱ्याच बॉम्ब ग्रुपच्या संघटनांनी पण क्रूच्या याद्या आणि फोटो स्वतः टाकलेत. बाकी मग जुनी गावातली वर्तमानपत्रं, मृत्यूच्या बातम्या, कबरींच्या नोंदी.

सेंट लुईसच्या आगीत सगळी रेकॉर्ड जळाली म्हणतात, मग शोधून काय उपयोग?

सगळी नाही. १२ जुलै १९७३ ला अमेरिकन सैनिकांच्या फायली ठेवणाऱ्या सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९५९ दरम्यान आर्मीतनं सुटलेल्यांच्या साधारण ८० टक्के. एअर फोर्सच्या २५ सप्टेंबर १९४७ ते १९६३ दरम्यान सुटलेल्यांपैकी इंग्रजी वर्णक्रमानं हबर्ड या आडनावाच्या पुढच्यांच्या ७५ टक्के. आता गंमत अशी की दुसऱ्या महायुद्धातला वैमानिक १९४५ मध्ये घरी गेला असेल तर तो 'एअर फोर्स' नव्हता, आर्मीतच होता, एअर फोर्स १९४७ मध्ये वेगळं झालं. त्यामुळं त्याची फाइल आर्मीच्या ८० टक्क्यांत. लोक इथं गोंधळतात आणि हबर्डच्या आधीचं आडनाव बघून खूश होतात.

नेव्ही आणि मरीन वाचले. आर्मीवाल्यांसाठी शेवटच्या पगाराची व्हाउचरं, मॉर्निंग रिपोर्ट्स म्हणजे युनिटच्या रोजच्या हजेरीच्या नोंदी, अर्धवट जळून वाचवलेल्या फायली, असं इतर कागदांवरनं बरंच उभं करता येतं. आणि सुटून ६२ वर्षं झालेल्यांच्या फायली कुणालाही फी भरून मागता येतात, नातेवाईक असायची गरज नाही.

एकाच नावाचे दहा जण निघतात, काय करू?

नाव, रँक, युनिट, मोहिमांची संख्या, लॉन्ड्री नंबर, जॅकेटचा साइज. यातल्या निदान तीन गोष्टी एकाच माणसाकडं बोट दाखवत नाहीत तोवर 'अमुकचं जॅकेट' असं म्हणू नका, 'अमुकचं असावं' म्हणा. साइज पण बघा, ए-टू आधीच तंग बसतं, भरतीच्या कागदावर धिप्पाड लिहिलेल्या माणसाचं जॅकेट ३६ नंबरचं असेल तर गडबड आहे. खांद्याच्या पट्टीवर रँकच्या पिनांची भोकं असतात, एकच पट्टी म्हणजे लेफ्टनंट आणि दोन म्हणजे कॅप्टन, भोकांच्या जागेवरनं बढती झाली का तेही कळतं.

विमानाचं नाव रंगवलंय. त्यावरनं माणूस सापडेल?

विमान सापडेल. माणूस सापडेलच असं नाही. एक तर एकाच नावाची चार चार विमानं होती, लोकप्रिय गाण्यांची आणि बायकांची नावं सगळ्यांनीच वापरली. दुसरं, एक क्रू टूरभर एकाच विमानातनं उडाली असं क्वचितच, आणि एक विमान पाच क्रूंनी वापरलेलं असायचं. आधी स्क्वाड्रन पक्की करा, मग त्या स्क्वाड्रनमधलं त्या नावाचं विमान, मग त्याचा सिरीयल नंबर, मग त्यातनं उडालेल्या सगळ्या क्रू, आणि त्यात तुमचं आडनाव.

पॅच ओळखता येत नाहीये.

मंजूर झालेले पॅच याद्यांमध्ये सापडतात, पण बऱ्याच स्क्वाड्रनचे स्वतःचे बिनमंजुरीचे पण असायचे. कार्टूनसारखा असेल तर डिस्नेचा असू शकतो, युद्धाच्या काळात डिस्ने स्टुडिओनं साधारण १२०० चिन्हं काढून दिली. त्यातलीच एक फिफिनेला नावाची परी, ती वास्प म्हणजे विमानं चालवणाऱ्या अमेरिकन बायकांच्या दलाची. त्यांच्यातल्या १,०७४ जणी ट्रेनिंग पूर्ण करून उडाल्या, ३८ जणींचा जीव गेला, आणि त्यांचे कागद टेक्सस वुमन्स युनिव्हर्सिटीत आहेत. फिफिनेला खरी असेल तर शोध एकदम सोपा होतो, म्हणूनच ती नकली पण भरपूर येते.

लाल पांढरे पट्टे, वर निळ्यात चिनी सूर्य आणि भारताचा तारा, असा ढालीचा पॅच म्हणजे चायना बर्मा इंडिया विभाग. हे पॅच बरेचसे भारतातच स्थानिक कारागिरांनी केलेले, काही जरीचे, काही लेदरचे, दोन एकसारखे सापडणं मुश्कील. पाठीवर चिनी झेंडा आणि चिनी अक्षरांचं कापड असेल तर तो ब्लड चिट, हा परदेशी माणूस मदतीला आलाय, सैनिकांनी आणि लोकांनी त्याला वाचवावं, अशा अर्थाचा. फ्लाइंग टायगर्समुळं, म्हणजे चीनच्या बाजूनं लढलेल्या अमेरिकन वैमानिकांमुळं, याचं इतकं वेड आहे की नकली ब्लड चिटांची संख्या खऱ्यांपेक्षा जास्त असेल तरी मला नवल वाटणार नाही.

फोटोवरनं जॅकेट जुळवता येतं म्हणतात, ते कसं?

मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातला सगळ्यात भारी भाग हाच, आणि सगळ्यात भक्कम पुरावा पण. क्रूचा उड्डाणाआधीचा नाहीतर नंतरचा ग्रुप फोटो मिळवायचा, शक्यतो मूळ प्रिंटचं मोठं स्कॅन, आणि जॅकेट त्याच कोनातनं त्याच उजेडात धरून फोटो काढायचा. मग कॉलरचा आणि खिशाचा आकार बघा, म्हणजे कंपनी जुळते का. पॅच किती तिरका शिवलाय, नावाच्या पट्टीचं एक टोक चेनपासनं किती लांब, पॅचची खालची कड खिशाच्या फडक्याच्या वर आहे का खाली. हाताचं काम असल्यामुळं हे प्रत्येक जॅकेटवर वेगळं पडतं. घोड्याच्या कातड्यावर नैसर्गिक रेषा आणि व्रण असतात, ते मोठ्या फोटोत दिसले तर मग बोलायलाच नको.

पण उलटं पण करा, म्हणजे काय जुळत नाही ते शोधा. फोटोत खिशाला टोक आहे आणि जॅकेटला गोल आहे, तर बाकी दहा गोष्टी जुळल्या तरी ते जॅकेट हे नाही. पोरं एकमेकांची जॅकेटं घालून फोटो काढायची हेही लक्षात असू दे.

ब्रिटिश इर्विन जॅकेटचा मालक कसा शोधायचा?

अवघड. लेस्ली इर्विन मूळचा अमेरिकन, १९१९ मध्ये पॅराशूट घेऊन विमानातनं उडी मारलेला आणि मग इंग्लंडमध्ये लेचवर्थला कारखाना काढलेला. त्याच्या जॅकेटवर छातीला नावाची पट्टी नसते, असलंच तर लेबलवर किंवा कातड्यावर शाईनं खरडलेलं नाव, नंबर. एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटिश हवाई खात्याचा मुकुट आणि ए. एम. अक्षरं, चेनवर डॉट किंवा एअरो, कातड्याचे तुकडे किती आहेत (युद्ध पुढं गेलं तसे मोठ्या कातड्याऐवजी जास्त तुकडे जोडायला लागले), यावरनं काळ कळतो.

नाव मिळालं आणि ऑफिसर असेल तर लंडन गॅझेटमध्ये सर्व्हिस नंबर. मग लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटिश नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुका, त्यातला फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकिकत आणि फॉर्म ५४१ म्हणजे कोण कुठल्या विमानातनं गेलं. मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, आणि दुर्दैवानं ती यादी मोठी आहे, एकट्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ गेले. ऑस्ट्रेलियन असेल तर तुमचं नशीब, त्यांच्या बऱ्याच फायली स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत.

जॅकेटसोबत छोटी सुरवंटाची पिन आली तर ती उलटी करून बघा. इर्विनच्या पॅराशूटनं जीव वाचलेल्यांना कॅटरपिलर क्लबची पिन मिळायची आणि मागे नाव कोरलेलं असायचं.

नायलॉनच्या एमए-वनचं काय?

वर्ष काढणं सोपं, माणूस काढणं कठीण. साठीच्या दशकात लेबलवर डीएसएनं सुरू होणारा कॉन्ट्रॅक्ट नंबर येतो, त्यात मधला दोन आकडी भाग म्हणजे आर्थिक वर्ष. पॅच बहुतेक वेल्क्रोवर नाहीतर शिवलेले, काढून टाकलेले. नावाची पट्टी उरली असेल तर बघा, नाहीतर जॅकेट म्हणून आवडत असेल तर घ्या. केशरी अस्तर मागनं आलं, जॅकेट उलटं करून घातलं की शोधणाऱ्याला दिसावं म्हणून, त्यामुळं जुन्यातलं जुनं एमए-वन केशरी अस्तराचं असतं हा समज सोडून द्या.

कुटुंब सापडलं. आता त्यांना काय लिहू?

साधं पत्र. तुम्ही कोण, जॅकेट कुठनं आलं, त्यांच्या माणसाचं असावं असं का वाटतं, आणि फोटो हवे असतील तर पाठवतो, एवढंच. पहिल्याच पत्रात त्यांच्याकडचे कागद, मेडल, लॉगबुक मागू नका आणि जॅकेट विकत घ्या असं तर मुळीच लिहू नका. शोक झालेल्या माणसांना त्यांच्याच बापाचं जॅकेट लिलावाच्या भावात विकू बघणारे लोक आहेत, त्यांच्यामुळं बाकीच्यांच्या पत्रांना पण उत्तरं येईनाशी होतात. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा आणि सोडा. युद्धाबद्दल घरात कधीच न बोललेले बरेच होते, आणि काही घरांना ते तसंच राहू द्यायचं असतं.

परत द्यायचं का, ते तुमच्यावर. चोरीला गेलेलं निघालं तर प्रश्नच नाही, द्यायचंच. कुटुंबानं स्वतः विकलेलं असेल तर कुणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही, पण निदान चांगले फोटो आणि तुम्ही जमवलेले कागद तरी द्या.

तेल किंवा क्रीम लावू का? फार कोरडं वाटतंय.

नको. जुन्या लेदरला तेल पाजलं की ते आधी छान दिसतं, मग टाके कुजतात, रंगवलेलं असेल तर रंग सुटतो, डाग वर येतात. बी-थ्रीवर वरनं रंगाचा थर असतो तो तडकलेला असतो आणि तेलानं जास्तच निघतो. मऊ ब्रशनं धूळ काढा, बस. जाड, गादीच्या खांद्याचा हँगर, आणि बी-थ्री किंवा इर्विनसारखं जड असेल तर लटकवूच नका, ॲसिड नसलेल्या कागदाचे बोळे आत घालून आडवं ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. ऊन नाही, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास.

कमरेच्या आणि मनगटाच्या विणलेल्या पट्ट्या लोकरीच्या, त्यांना कसर लागते. डांबराच्या गोळ्या लेदरला लागून ठेवू नका, त्यापेक्षा महिन्यातनं एकदा काढून बघा, झटका. कसर लागलेलीच असेल तर बाकीच्या लोकरी कपड्यांपासनं लगेच वेगळं करा आणि जतनाचं काम करणाऱ्याला विचारा.

पट्ट्या फाटल्यात, चेन तुटलीय. बदलू?

नाव नसलेलं आणि घालायचं जॅकेट असेल तर बदला, पण काढलेले तुकडे पाकिटात घालून ठेवा, फेकू नका. नाव असलेलं असेल तर हात लावू नका. चेन बदलायची म्हणजे पुढची शिलाई उसवावी लागते, आणि तिथलेच जुने टाके उद्या कुणीतरी पुरावा म्हणून बघणार असतो.

घालून फिरलं तर चालतं का?

कोरं, मजबूत असेल तर खुशाल. रंगवलेलं, नाव असलेलं नको. आणि घोड्याचं कातडं वरनं मजबूत वाटलं तरी बगलेत फाटायला एक झटका पुरतो.

शोधाचे कागद कसे ठेवायचे?

जॅकेटच्या खिशात तर नाहीच, साध्या कागदातलं ॲसिड अस्तराला डाग पाडतं. वेगळी फाइल करा: कुणाकडनं कधी घेतलं, तेव्हा विकणारा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, सुरुवातीचे सगळे फोटो, आणि प्रत्येक कागद कुठनं मिळाला ते. विकणाऱ्याची गोष्ट आणि कागदावर सिद्ध झालेली गोष्ट वेगवेगळ्या पानांवर लिहा, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही कुठली कुठली. जॅकेट विकलंत तर फाइल सोबत द्या, फक्त त्यातनं कुटुंबाचे पत्ते आणि फोन नंबर काढून घ्या.